किल्ली लावून या

बोलताना मी ‘आमी’ म्हणतो, लिहिताना ‘आम्ही’. या दोहोंच्या मधे माझी बायको बसलेली आहे. तो ‘ह’ माझा नाही, तिनं घातलेला आहे, आणि माझ्या लिहिण्यातली प्रत्येक ऱ्हस्व वेलांटी तिचीच. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी माझ्या शुद्धलेखनाचं कौतुक करायला नको. कौतुकाचं मला काही वावडं नाही, पण ते घरात लगेच कळतं आणि मग दोन दिवस ऐकून घ्यावं लागतं.

मी शिकलो उर्दूत. परभणीच्या मदरशात (निजामाच्या राज्यात सरकारी शाळेलाच मदरसा म्हणायचे), पहिलीपासून मॅट्रिकच्या दारापर्यंत. दारापर्यंत म्हणजे आत काही गेलो नाही, उंबऱ्यावरनंच परत फिरलो. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, शिव्या तेवढ्या मराठीत. उर्दूची एक लय मोठी सोय होती. तिथं ऱ्हस्व स्वर लिहीतच नाहीत. ‘किताब’ लिहायचं तर ‘कि’ची वेलांटी वाचणाऱ्यानं मनातल्या मनात घालून घ्यायची. जो स्वर लिहून दाखवायचा तो दीर्घ. हा हिशोब माझ्या डोक्यात असा काही बसला होता की पुढं हैदराबादचं राज्य गेलं, शाळा मराठी झाल्या, तरी तो जागचा हलला नाही.

शाळा मराठी झाल्या आणि मराठी लिहिणारे मास्तर कमी पडायला लागले. मग न लिहिणारेही चालायला लागले, त्यातच मी लागलो. वेलांटी काढायचीच तर चांगली दीर्घ काढावी, हात का आखडता घ्यायचा, असा माझा खाक्या. शीक्षक, वीद्यार्थी, गणीत, कवीता. पोरंही तसंच लिहायची. सगळ्या वर्गाचं एकमत असल्यावर चूक आहे असं सांगणार कोण?

पालम आणि राणीसावरगाव यांच्या मधल्या एका गावात माझी शाळा होती. शाळा म्हणजे चावडीच्या अंगाला एक खोली. तिच्या पाठीला लागून दुसरी खोली, तिथं आमचा संसार. बायको बार्शीकडची. तिकडं इंग्रजांचा अंमल होता, शाळा पहिल्यापासून मराठी. ती सातवीची मोठी परीक्षा पास झालेली. मी मॅट्रिक नापास. सोयरीक ठरवताना माझ्या मॅट्रिकचा उल्लेख झाला, नापासाचा तेवढा राहून गेला.

लग्नाला आठ दिवस झाले असतील. तिनं फळ्यावरचं माझं अक्षर बघितलं. शाळा सुटल्यावर आत गेली आणि खडूनं एका ओळीत सात ठिकाणी दुरुस्ती करून आली. त्या दिवशी मी रागानं जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी जेवलो, कारण भूक लागली होती आणि सातही दुरुस्त्या बरोबर होत्या.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला माझा वर्ग भरायचा. ती चुलीपुढं भाकरी थापत शब्द सांगायची, मी कागदावर लिहायचो. तवा उतरला की हात धुऊन लाल शाईनं तपासायची. फळ्यावरचा सुविचार मात्र ती माझ्या भरवशावर सोडायची नाही. सकाळी सडा टाकायच्या आधी स्वतः लिहून यायची. गावाला वाटायचं, मास्तरचं अक्षर काय वळणदार हाय. मास्तरनंही कधी गावाचा गैरसमज दूर केला नाही.

आता त्या तपासलेल्या कागदांचं काय करायचं? लिहिलेला कागद टाकायचा नाही, पायदळी येऊ द्यायचा नाही, ही मदरशातली शिकवण. शाळेत भिंतीला एक तार टांगलेली असायची, हरेक कचेरीत असते तसली. खाली लाकडाची चकती, वर वाकवलेला आकडा. हजेरीचे गोषवारे, रजेचे अर्ज, खडूच्या पावत्या, सगळं तिच्यात खोवायचं. माझं शुद्धलेखनही मी त्यातच खोवून टाकायचो. कोण बघतंय, असा विचार.

तीन वर्षं झाली तरी मी हंगामीच होतो. हंगामी म्हणजे उन्हाळा लागला की नोकरी सुटायची आणि शाळा उघडायच्या वेळी पुन्हा मिळंल की न्हाई याचा घोर दोन महिने जिवाला. तेवढ्यात मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि नव्या राज्यात सगळ्या हंगामी मास्तरांची तपासणी निघाली. शाळा तपासणाऱ्या साहेबांनी ‘कायम करण्यास हरकत नाही’ एवढा शेरा मारला की माणूस तरला. नाही मारला तर मला भावाच्या शेतावर जायचं होतं. भावाला मी नको होतो आणि शेताला त्याहून नको होतो.

साहेब पुण्याकडचे आणि शुद्धलेखनाला भलते कडक, ही वार्ता त्यांच्या आधी आली होती. एका मास्तरानं ‘आणि’ दीर्घ काढला म्हणून साहेबांनी त्याला भर वर्गात शंभरदा लिहायला लावलं म्हणे. ते ऐकल्यापासून मी बोलण्यातनंसुद्धा ‘आणि’ काढून टाकला होता.

शिमग्याच्या आदल्या आठवड्यात साहेब आले. मोटार त्यांची स्वतःची, काळी, विलायती, कुण्या जहागीरदारानं विकून टाकलेली. तिच्यावर त्यांचा जीव होता. आमच्या काळ्या रानातली धूळ पार टपावर बसली होती. साहेबांच्या डोळ्यांवरही धुळीसाठी काळा चष्मा. वाचायचा चष्मा वेगळा होता, तो फीत लावलेल्या एका चपट्या डबीत, आणि डबी पुढच्या सीटवर त्यांच्या कातडी बॅगेशेजारी. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला असलेलं बरं.

मोटारीचा आवाज आला आणि माझी शिस्तीची शाळा खिडकीतनं, दारातनं बाहेर पडून मोटारीला जाऊन चिकटली. एकानं हात घालून भोंगा वाजवला. मग प्रत्येकाला तो वाजवणं भागच पडलं. साहेब उतरले, अंग झटकलं आणि डायवरला म्हणाले, “गाडीला किल्ली लावून या.” एवढं बोलून ते वर्गाकडं चालायला लागले. मी हात जोडून त्यांच्या मागं.

त्या एका वाक्यानं पुढचं सगळं घडवलं. आमच्या मराठीत ‘लावणं’ हे क्रियापद म्हणजे गावचं मोकळं जनावर आहे, कुणाच्याही रानात शिरतं. दिवा लावला म्हणजे पेटवला. झाड लावलं म्हणजे रोवलं. दार लावलं म्हणजे बंद केलं आणि शेगडी लावली म्हणजे चालू केली. माणूस कुणाला नादी लावतो, कुणाला कामाला लावतो, पैज लावतो आणि जीवही लावतो. पुण्याकडचा माणूस ‘गाडीला किल्ली लाव’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कुलूप असतं. आमचा डायवर परभणीचा, माझ्यासारखाच मदरशातला, बोलायला दखनी. त्यानं किल्ली आत्ताच इंजिनातनं काढून हातात घेतली होती. साहेब म्हणाले लावा, म्हणजे साहेबांना लगेच निघायचं असंल. त्यानं हुकमाप्रमाणं ती परत इंजिनाला लावली. पोरं भोंगा सोडायला तयार नव्हती, म्हणून काच वर ओढली, आतला खटका दाबला आणि दार ओढून घेतलं. साहेब उतरले त्या दाराचंही तसंच केलं. बाकीची दारं खड्ड्यात आपोआप उघडायची, त्यांचे खटके त्यानं परभणीतच दाबून ठेवले होते. म्हणजे किल्ली बी लावली, दार बी लावलं. बिचाऱ्यानं काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

आत वर्गात मात्र माझं भाग्य फुललं होतं. प्रार्थना झाली. पाढे झाले. एका पोरानं एकोणतिशी न अडखळता म्हटली, ती कशी म्हटली हे मला आजवर कळलेलं नाही. साहेबांनी काळा चष्मा काढला, दोन पावलं मागं सरून फळा वाचला. ‘विनयाशिवाय विद्या शोभत नाही.’ त्यांना लांबचं चांगलं दिसायचं. म्हणाले, मास्तर, अक्षर वळणदार आहे, आणि मुख्य म्हणजे शुद्ध आहे. मी मान खाली घातली. ती विनयानं घातली असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी मुलांच्या वह्या मागितल्या आणि माझं रोजचं टाचण. टाचण म्हणजे मी काय शिकवलं ते माझ्या हातानं लिहिलेलं बाड. साहेबांनी खिसे चाचपले, चष्मा मोटारीत राहिल्याचं त्यांच्या ध्यानात आलं, डायवरला हाक मारली. डायवर गेला तो लवकर येईचना. आला तो दारातच उभा.

“साब, चाबी अंदर है.”

“आत? तुम्हाला किल्ली लावून यायला सांगितलं होतं ना?”

“वोईच तो, साब. आपीच बोले, चाबी लगाको आओ. मैं लगाया.”

शुद्धलेखनाची चूक असती तर साहेबांनी शंभरदा लिहायला लावलं असतं. इथं चूक कुणाच्या नावावर टाकायची हेच त्यांना ठरवता येईना.

सगळी शाळा आणि अर्धा गाव मोटारीभोवती गोळा झाला. काचेला नाक लावून बघितलं की किल्ली दिसायची, इंजिनाला लटकलेली, मजेत. शेजारी सीटवर बॅग, बॅगेशेजारी डबी. कुणी म्हणालं, चार बैलं जुंपा आणि परभणीला ओढून न्या. कुणी दगड उचलला. दगड बघितल्यावर साहेब असे काही पुढं झाले की दगडवाल्यानं तो लगेच स्वतःच्या पायावर टाकला. काच मुंबईशिवाय मिळणार नव्हती, हे साहेबांनी तीनदा सांगितलं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? चष्मा नाही म्हणजे वह्या नाहीत, टाचण नाही. पाढे झाले, फळा झाला, शुद्ध म्हणून झाला. आता साहेबांनी दस्तखत करावं आणि सुखानं जावं. दस्तखत तर माणूस डोळे मिटून बी करतो. मी तसं आडून सुचवलंही. तेव्हा साहेब म्हणाले, शेऱ्याचा कागद बॅगेत आहे. मोटार उघडली नाही तर ‘तपासणी अपूर्ण’ असं कळवावं लागेल आणि मग तुमचं पुढच्या वर्षी बघू. म्हणजे पुन्हा एक उन्हाळा भावाच्या दारात. माझा आनंद जागच्या जागी सुकला. मला मोटार उघडायला हवी होती आणि चष्मा सापडायला नको होता. ही अशी मागणी देवापुढंसुद्धा नीट मांडता येत नाही.

एवढा वेळ बायको आमच्या खोलीच्या दारात पदर घेऊन उभी होती. मी पाणी न्यायला गेलो तर हळूच एकच शब्द बोलली. तार.

मी डायवरला खूण केली. तो शाळेत गेला, भिंतीवरची तार काढली, तिच्यातले सगळे कागद ओरबाडून माझ्या टेबलावर टाकले आणि चकती उपसून तार घेऊन आला. कागदांकडं माझं ध्यानच नव्हतं. इथंच मी फसलो.

तारेचं काम खरं म्हणजे बायकोचं होतं. गावात कुणाची घागर नाहीतर पोहरा आडात पडला की गळ टाकायला हिलाच बोलावणं यायचं. काठावर ओणवी होऊन डोळे मिटायची. नुसत्या दोरीच्या हिसक्यावरनं तिला कळायचं, गळ कडीत अडकला की काठाला लागला. गावच्या बाया म्हणायच्या, बार्शीवालीच्या हाताला डोळे हायेत. पण साहेबापुढं, बाप्यांच्या घोळक्यात मास्तरच्या बायकोनं मोटारीत तार घालायची म्हणजे कसं दिसंल? म्हणून तारेचा मान मला मिळाला. ती मोटारीच्या पलीकडच्या अंगाला गेली, पदरानं काचेवरची धूळ पुसली आणि आत बघून मला दिशा सांगायला लागली. खाली. अजून खाली. आता तुमच्याकडं ओढा.

डायवरच्या बाजूची काच जुनी झाली होती, दोन बोटं खालीच अडकायची. त्या फटीतनं मी तार आत सोडली. आकडा खटक्यावर टेकायचा आणि सुटायचा. टेकायचा आणि सुटायचा. साहेब लिंबाखाली खुर्चीवर बसले होते, त्यांच्या हातात ताकाचा पेला. डायवर पोरांना हुसकत होता. पाचव्या का सहाव्या वेळी तार खटका सोडून सीटवर गेली आणि वर ओढली तर जड लागली. आकड्याला डबीची फीत अडकलेली.

मी सावकाश ओढली. चष्म्याची डबी काचेच्या फटीशी आली. चपटीच होती, दोन बोटांतनं सहज निघाली असती. हात घालायचा आणि घ्यायची, की साहेब खूष. मग वह्या, मग टाचण, मग वीद्यार्थी आणि कवीता.

मी साहेबांकडं बघितलं. ते ताक पीत होते. डायवरची पाठ माझ्याकडं होती. मी तार सैल सोडली. डबी सुटली, सीटच्या कडेवर आपटली आणि खाली कुठंतरी अंधारात गेली. टप् असा बारीक आवाज झाला.

मान वर केली तर समोर, पलीकडच्या काचेवर, पदरानं पुसलेल्या तेवढ्याच जागेत दोन डोळे.

ती मोटारीला वळसा घालून आली. गर्दी आपोआप बाजूला झाली. माझ्यासमोर हात पुढं केला आणि मला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, “द्या इकडं. तुमचा हात थरथरतोय.”

माझा हात थरथरत नव्हता. ती तसं म्हणाल्यावर थरथरायला लागला.

तिनं पदर खोचला. तार आत सोडली, डोळे मिटले, मान जराशी कलती केली. साहेब पेला हातात धरून उभे राहिले. एकदा तार हलकेच वळवली, पुन्हा एकदा वळवली, आणि आतनं खट् असा आवाज आला. दार उघडलं. गावानं असा श्वास सोडला, जशी गावाचीच घागर वर आली होती.

डायवर बॅग घ्यायला झेपावला. ती मात्र वाकली, सीटखाली हात घातला, डबी काढली, पदरानं पुसली. मला वाटलं, आता ही साहेबांकडं जाणार आणि सांगणार. तिनं डबी माझ्या हातात ठेवली.

“तुमीच द्या साहेबांना.”

लिंबापर्यंत वीस पावलं असतील. तेवढ्या अंतरात मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं, तिचा राग आला, पळून जावंसं वाटलं, आणि शेवटी काहीच न करता मी साहेबांपुढं डबी धरली. त्यांनी आभार मानले. ते आभार मला झेपले नाहीत.

साहेब वर्गात येऊन माझ्या खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि समोर जे होतं ते उचललं. समोर तारेतनं ओरबाडलेला ढीग होता. सगळ्यांत वर माझं शुद्धलेखन. साहेबांनी एक कागद वाचला. मग दुसरा. मग पाच-सहा एकदम. लाल शाईवरनं त्यांचं बोट फिरत होतं. मी भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडं बघत उभा.

“मास्तर,” साहेब म्हणाले, “हा विद्यार्थी कोणत्या इयत्तेतला?”

वर्गात पोरं होती. दारात गाव होतं. चौथीतला म्हणून सांगितलं असतं तर खपून गेलं असतं. एक नाव घ्यायचं, बस. पण डबीचा तो टप् आवाज अजून कानात होता आणि दारात ती उभी होती.

“मीच तो, साहेब.”

साहेबांनी कागद खाली ठेवला. तपासणारे कोण, असं विचारलं. मी म्हणालो, बायको. फळ्यावरचं? तेही तिचंच. मग एकदा बोलायला लागलोच आहे तर उर्दूचं सांगितलं, मॅट्रिक नापासाचं सांगितलं. ते बायकोही पहिल्यांदाच ऐकत होती. डबीचं तेवढं सांगितलं नाही. तेवढा दम माझ्यात नव्हता.

साहेबांनी तिला आत बोलावलं. शिक्षण विचारलं. ती म्हणाली, सातवी पास, दाखला ट्रंकेत आहे. साहेबांनी चार अवघड ओळी सांगितल्या, तिनं फळ्यावर उभ्याउभ्या लिहिल्या. साहेब मागं सरून, पुढं येऊन, चष्मा लावून, चष्मा काढून बघत होते. चूक काही सापडंना. मग त्यांनी बॅगेतनं कागद काढला आणि बराच वेळ लिहीत बसले.

कागद माझ्यापुढं आला तेव्हा अक्षरं माझ्या डोळ्यांपुढं नाचत होती. माझ्यापुरतं एवढंच होतं, की प्रगती दिसते, आणखी एक वर्ष हंगामी ठेवावे. खाली माझ्या बायकोबद्दल शिफारस. या गावी मुलींचा वर्ग काढून तिची नेमणूक करावी. मी उर्दूत दस्तखत केलं, सवयीनं. ती माझ्या खांद्यामागनं वाचत होती. मला वाटलं, आता हिच्या डोळ्यांत पाणी येणार.

“साहेब,” ती म्हणाली, “‘शिक्षिका’ लिहिताना ‘क्षि’ ऱ्हस्व.”

साहेबांनी कागद परत घेतला. चष्मा काढला, पुसला, लावला. दारातला डायवर आढ्याकडं बघायला लागला. “काचेवर धूळ बसली होती,” असं म्हणून साहेबांनी ‘शिक्षीका’ची शिक्षिका केली आणि पहिल्यांदाच हसले. निघताना डायवरला काही सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं, मग थांबले, वाक्य मनात एकदा फिरवून बघितलं आणि मग म्हणाले, किल्ली खिशात घाला.

त्या दिवशी दिवेलागणीला मी चुलीजवळ बसलो. राग होता, लाज होती, आणि सगळ्यांत जास्त धाक होता की आता ही डबीचं काढणार. हिनं शांतपणे पीठ मळलं, पहिली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, “लिहा. ‘किल्ली’.” मी लिहिलं. पहिली ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. तिनं लाल शाई उघडलीच नाही.

आमच्या घरात आधी ती कायम झाली. मुलींच्या शाळांना शिक्षिका मिळत नव्हत्या, तिचा कागद सहा महिन्यांत आला. मी हंगामी नवरा म्हणून गावात दीड वर्ष काढलं, आणि गावानं ते दीड वर्ष पुरवून पुरवून वापरलं. माझा हुकूम आला तेव्हा तिनं तो आधी उजेडाला धरला, वरपासून खालपर्यंत वाचला, एक बी चूक न्हाई म्हणाली आणि मग गूळ वाटला.

डबीची गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. माहेरी नाही, पोरांना नाही. मलाही कधी बोलून दाखवली नाही. तिनं एकदा तरी भांडावं म्हणून मी किती वर्षं वाट बघितली. भांडण झालं असतं तर फिटलं तरी असतं.

आता मलाच वाचायला चष्मा लागतो आणि रोज सकाळी तो सापडत नाही. मी घर डोक्यावर घेतो. कोनाडा बघतो, उशी उचलतो, नातवंडांवर खेकसतो. ती वहीतनं मान वर न करता म्हणते, “सोडला असंल कुठंतरी. सीटखाली बघा.”

आमच्या घरात मोटार कधीच नव्हती. मी मुकाट्यानं खाटेखाली बघतो.